वहीत न लिहिलेला खांदा

मालेसो, ग्वाम
६ मार्च २०१९

अद्रियानो,

फेलिक्सचा अपंगत्व भत्त्याचा अर्ज फेटाळला गेला. त्यात जे कमी पडलं ते फक्त तूच लिहून देऊ शकतोस, म्हणून हे पत्र. नाहीतर मी लिहिलं नसतं. तुझी ख्यालीखुशाली विचारत नाही. टेक्सासमध्ये तुझं बरं चाललंय असं चुलत भावंडांकडून कळतं, तेवढं पुरे. आईच्या अंत्यविधीनंतर बारा वर्षं आपण एकमेकांशिवाय व्यवस्थित जगलो आहोत.

निकालाचं पत्र अकरा पानांचं आहे. एकोणतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, वाईट लिहिलेलं वाचायची मला सवय आहे, पण हे वाचताना किळस आली. पहिल्या परिच्छेदात फेलिक्सच्या देशसेवेबद्दल आभार मानले आहेत. चौथ्या पानापासून तो थापा मारतोय असं सुचवलं आहे. सरळ म्हणायची हिंमत मात्र कुठेच नाही.

तुला नियम ठाऊक असतील. तू स्वतः सत्तर टक्के अपंगत्वाचा भत्ता घेतोस असं ऐकलं. तरी लिहिते, म्हणजे नंतर तुला 'कळलं नाही' असं म्हणायला नको. नोकरीतून सन्मानाने सुटलेला माणूस असला पाहिजे. तसा फेलिक्स आहे. त्यावर तीन गोष्टी लागतात. आज शरीरात काही बिघडलेलं असलं पाहिजे आणि ते डॉक्टरने म्हटलेलं असलं पाहिजे. सैन्यात असताना काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. आणि या दोहोंना जोडणारा धागा असला पाहिजे, म्हणजे आजचं दुखणं त्या वेळच्या घटनेतूनच आलं असं कोणीतरी जाणत्याने सांगायला हवं. तीनपैकी एक नसली की उरलेल्या दोन असून नसून सारख्या.

पहिल्या गोष्टीचं तपासणीत काय झालं ते सोडून दे. मी दुसरीबद्दल लिहिते आहे.

फेलिक्सच्या लष्करी फाइलीत दात काढल्याची नोंद आहे. पायाला बुरशी झाल्याची आहे. कोरियात एका उन्हाळ्यात जुलाब लागले होते, त्यावर दोन अख्खी पानं आहेत. जानेवारी १९८४ मध्ये काहीही नाही. फाइलीच्या मते त्या महिन्यात त्याला शिंकसुद्धा आली नाही.

त्या महिन्यात कोरियातच, छावणीत बर्फावर उभ्या ट्रकच्या मागच्या फळीची साखळी तुटली, तोफगोळ्यांची पेटी घसरली, आणि पेटी आणि ट्रक यांच्यामध्ये फेलिक्सचा उजवा खांदा सापडला. हे तू पाहिलंस. तुकडीचा मेडिक तू होतास. खांदा तू बसवलास, सामानाच्या तंबूत, दोन माणसांना त्याला धरायला लावून. झोळी तू बांधलीस. आजाऱ्यांच्या वहीत नोंद करणं तुझं काम होतं. ती झाली नाही. का झाली नाही ते आता उगाळण्यात अर्थ नाही.

आज काय अवस्था आहे ते सांगते. उजव्या हाताची तीन बोटं उघडत नाहीत. शर्टाची बटणं मी लावते. जाळं टाकणं दोन वर्षांपूर्वी सुटलं. ज्याच्या जाळ्याचा पाण्यावर पडणारा गोल बघायला लोक धक्क्यावर थांबायचे, तो आता धक्क्यावर बसून दुसऱ्यांच्या जाळ्यांना नावं ठेवतो. मानेतून येणारी नस दबली आहे. शस्त्रक्रिया झाली नाही तर उरलेली दोन बोटंही वर्षभरात जातील. ती होते होनोलुलूला. दुखणं नोकरीतलं ठरलं तर तिथे नेणं, आणणं, कापणं, शिवणं सरकारचं. नाही ठरलं तर आमच्याकडे तेवढ्या पैशांची सोय नाही.

फेलिक्स शेजारीच बसला आहे आणि मी लिहीन तसं त्याला वाचून दाखवते आहे. तो म्हणतो, "त्याला लिही, माझ्या मनात काही नाही." हे खोटं आहे. मेहुण्याने आळस केला आणि आपला हात गेला, असं तो पस्तीस वर्षं धरून बसलाय. हे वाक्य मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मग आळस नाही तर काय?"

तुला डॉक्टर व्हायचं नाही. पाहिलेलं लिहायचं. तारीख, जागा, कोण होतं, तू काय केलंस, खाली सही. नियम असाही आहे की दोन्ही पारडी समान झाली तर कौल सैनिकाला मिळतो. म्हणजे पारडं झुकवायलाही तुला कोणी सांगत नाही. समान कर, एवढंच.

रुफिना


२८ मार्च २०१९

अद्रियानो,

तीन आठवडे झाले. टेक्सासहून इथे पत्र यायला दहा दिवस लागतात, हे धरूनही तू लिहिलेलं नाहीस.

हे पत्र फेलिक्सला वाचून दाखवणार नाही. मेयरच्या कचेरीबाहेर गाडीत बसून लिहिते आहे. तो आत माजी सैनिकांच्या टेबलापाशी बसून कोणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या जेवणाबद्दल बोलतोय. टेबलावर एस्तेर चारगुआलाफ नावाची बाई बसते. वीस वर्षं सैन्यात सार्जंट होती, आता गावातल्या माणसांचे अर्ज फुकट भरून देते. आवाज अजून कवायतीच्या मैदानावरचा आहे, पण मला तान आणि फेलिक्सला तुन असं मानाने म्हणते. मला ती आवडते, पण आज आवडली नाही.

तिने तपासणीचा अहवाल वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तान रुफिना, यात ही बर्फाची पेटी कुठून आली?"

तुला लिहिलं नव्हतं, आता लिहिते. तपासायला मुख्य भूमीवरून दोन आठवड्यांसाठी एक तरुण डॉक्टर आणला होता. तुमोनमधल्या एका हॉटेलात दुसऱ्या मजल्यावर खोली घेऊन बसला होता. आमची वेळ दहाची. मी पहाटे चारला उठले. लाल भात केला, कोंबडीचं केलागुएन केलं, बरगड्या भाजल्या, बरणीत फिनादेनेची आंबट-तिखट चटणी भरली. एवढ्या लांबून कोणी आपल्या कामासाठी आलंय, त्याच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायचं कसं? सगळं बर्फाच्या पेटीत भरलं. हॉटेलची लिफ्ट बंद होती. फेलिक्सने पेटी उचलली आणि दोन जिने चढून गेला. मी फाइल धरली होती.

डॉक्टर दारातच उभा होता. आभार मानले, मला काही घेता येत नाही म्हणाला, मग फेलिक्सने आग्रह केल्यावर एक बरगडी खाल्ली. अहवालात त्याने लिहिलं आहे: "अर्जदार अंदाजे पस्तीस पाउंडांची पेटी विनासायास उचलून दोन जिने चढून आला. चेहऱ्यावर वेदनेचं चिन्ह नाही. वृत्ती प्रसन्न." त्यात एक शब्द खोटा नाही. त्याला बोल लावता येत नाही, याचीही मला चीड येते.

मग त्याने विचारलं, जास्तीत जास्त किती दुखतं? फेलिक्स म्हणाला, ठीक आहे डॉक्टर, वय झालं. हात डोक्यावर जातो का? त्याने नेला. ओठ पांढरे पडले होते आणि तो हसत होता. आणि मी तिथे बसून मोठ्या अभिमानाने म्हटलं की हा कधी कुरकुर करत नाही. ते वाक्यही अहवालात आहे, माझ्या नावासकट. परत येताना आगात गावाच्या वळणावर त्याने गाडी थांबवायला लावली, उतरला आणि ओकला. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाला, पोरगा चांगला होता.

हे मी चारगुआलाफला सांगितलं, ओकल्याचं सोडून. फेलिक्स शेजारी बसून मान डोलवत होता, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट चालली आहे.

"तपासणीला जेवण घेऊन गेलात," ती म्हणाली.

"रिकाम्या हाताने जायचं का?" फेलिक्स म्हणाला.

"लंगडत जायचं, तुन फेलिक्स. कण्हत जायचं. दुखतंय तिथे दुखतंय म्हणायचं. तुम्हाला काय पदक घ्यायला बोलावलं होतं?"

"अगं, पाहुण्यासमोर कोण कण्हतं?"

"तो पाहुणा नव्हता. तो मोजायला आला होता, आणि त्याने मोजलं."

तो हसला. बाकावर बसलेले दोघं तिघंही हसले, कारण त्यांनीही आपापल्या तपासणीला हेच केलं असणार. एकाने तर डॉक्टरला स्वतः पकडलेला मासा नेला होता आणि बोट त्यानेच वल्हवली हे सांगून आला होता. मला हसू आलं नाही. आपल्या या मर्यादाशीलपणाचा मला वीट आला आहे. दुखतं म्हणायची लाज. मागायची लाज. आपले बाबा माझ्या लग्नात छातीत कळ येत असताना पाहुण्यांना वाढत राहिले आणि तिसऱ्या दिवशी गेले, आणि आपण सगळे वर्षानुवर्षं ते कौतुकाने सांगतो. कौतुकाने! मीसुद्धा.

असो. चारगुआलाफ म्हणते, नवी तपासणी मागता येईल, पण नवा आणि कामाचा पुरावा जोडला तरच ते प्रकरण पुन्हा उघडतात. पुरावा हवा तो जानेवारी १९८४ चा. म्हणजे फिरून तूच.

आईच्या अंत्यविधीला झालं त्याची शिक्षा फेलिक्सला देऊ नकोस. शवपेटीला खांदा द्यायला तो पुढे आला नाही, आणि तू भरल्या अंगणात म्हणालास, "का येत नाही ते माझ्या बहिणीला विचारा." तू प्यायलेला होतास. मी तुला फाटकाबाहेर काढलं. त्या दिवशी मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, हे कोणाला कळो न कळो, तुला कळायला हवं होतं. फेलिक्सला वाटलं तू त्याच्या हाताची टर उडवलीस. अजूनही वाटतं.

लिही.

रुफिना


२४ एप्रिल २०१९

अद्रियानो,

पाकीट मिळालं. तुझं अक्षर अजून तितकंच घाणेरडं आहे. पण एका पानात सगळं आहे: तारीख, छावणी, ट्रक, साखळी, तंबू, धरणाऱ्या दोघांची नावं. पैकी एक वारला असं लिहिलंस, ते मला ठाऊक नव्हतं. आणि खाली ते वाक्य. "कुटुंबाच्या विनंतीवरून मी वहीत नोंद केली नाही, आणि सोलच्या रुग्णालयात एक्स-रेसाठी पाठवण्याची चिठ्ठी तयार केली होती ती फाडली. ही माझी चूक होती."

कुटुंबाच्या. नाव घातलं नाहीस.

आणि मागे चिकटवलेला तो पिवळा चिटोरा. "तुझं तेव्हाचं पत्र माझ्याकडे आहे. पाठवू का? नको म्हणालीस तर जाळून टाकतो."

चार दिवस तो चिटोरा पर्समध्ये घेऊन फिरले. बाजारात, चर्चमध्ये, फेलिक्सची बटणं लावताना. खरं सांगायचं तर मला तुझ्या सभ्यपणाची चीड आली. शिव्या घातल्या असत्यास तर उत्तर देता आलं असतं.

पाचव्या दिवशी एकटीच चारगुआलाफकडे गेले. तिने तुझं पान दोनदा वाचलं, मान हलवली, बरं आहे म्हणाली. मग विचारलं, हा तुमचा कोण?

"भाऊ."

"म्हणजे तुन फेलिक्सचा मेहुणा. पस्तीस वर्षांनी लिहितोय."

"खरं लिहितोय."

"मी मानते, तान. पण टेबलापलीकडचा माणूस म्हणेल, मेहुण्याने मेहुण्यासाठी लिहिलं. त्यात तो पेटीचा अहवाल वर ठेवलेला. पारडं समान नाही होत." तिने पान माझ्याकडे सरकवलं. "तेव्हाचं काही आहे का? चिठ्ठी, फोटो, कोणाची डायरी? त्या महिन्यात लिहिलेलं, काहीही?"

मी नाही म्हणाले.

"शोधा," ती म्हणाली. आणि मी उठत असताना तिने विचारलं, "कुटुंबाच्या विनंतीवरून म्हणजे कोणाच्या?"

मी म्हटलं, उकडतंय फार, मला निघायला हवं. चौसष्टाव्या वर्षी मी शाळेतल्या पोरीसारखी पळून आले.

आता तुला ठाऊक असलेलं मी माझ्या हाताने लिहिते, कारण आजवर ते कोणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही धड नाही. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी फेलिक्सने छावणीतून फोन केला. अद्रियानो मला सोलला पाठवतोय म्हणाला, आत काहीतरी तुटलं असेल म्हणतोय. मी आईच्या घरात होते, तीन महिन्यांची मारिसा मांडीवर, एका छपराखाली अकरा माणसं, आणि एप्रिलमध्ये त्याची हवाईला बदली ठरलेली. तिथे आम्हाला स्वतंत्र घर मिळणार होतं. स्वयंपाकघर माझं एकटीचं असणार होतं. वहीत नाव चढलं की हलकं काम लागणार, बदली रद्द होणार, तो आणखी वर्षभर तिथेच अडकणार, एवढं मला कळत होतं. फोन ठेवला आणि तुला पत्र लिहिलं. तू धाकटा होतास, मी सांगितलेलं तू कधी मोडलं नव्हतंस. त्यातलं एक वाक्य मला शब्दशः आठवतं. "त्याचा खांदा एप्रिलपर्यंत थांबेल, बदली थांबणार नाही." नेटकं वाक्य आहे. विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी शेजारी बरोबरची खूण केली असती.

तुला ठाऊक नाही ते आता. हवाईत खांदा बरा होईना तेव्हा फेलिक्सने एकदा मला विचारलं, सोलची ती चिठ्ठी आलीच नाही, असं कसं? मी ओट्याशी उभी होते, त्या माझ्या एकटीच्या. मी म्हटलं, "अद्रियानो विसरला असेल. तो कुठे काय धड करतो." एकदाच म्हटलं. पुन्हा म्हणायची गरज पडली नाही. बाकीचं त्याने स्वतःच रचलं, थरावर थर, आणि पस्तीस वर्षं माझ्या टेबलावर बसून तो तुला नालायक म्हणत आला आणि मी त्याला भात वाढत आले. आईच्या अंगणात तू ते बोललास तेव्हा तू प्यायला होतास, हे खरं. खोटं बोलला नव्हतास, हेही खरं.

गेले दोन महिने मला सगळ्यांची किळस येते आहे. खात्याची, त्या प्रसन्न अहवालाची, फेलिक्सच्या हसण्याची, तुझी. आता त्यातलं बरंचसं कुठे जायला हवं होतं ते कळतंय.

पत्र जाळू नकोस. रजिस्टर करून पाठव. लिफाफ्यासकट.

रुफिना


२१ मे २०१९

अद्रियानो,

पत्र चौदा तारखेला पोचलं. लिफाफ्यावर लष्करी टपालाचा शिक्का स्पष्ट आहे, १९ जानेवारी १९८४. तू ते इतकं नीट का ठेवलंस, विचारणार नाही.

मला वाटलं होतं त्यात फक्त ते वाक्य असेल. त्याआधी दीड पान फेलिक्सचं दुखणं आहे. हात छातीच्या वर जात नाही. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. बसूनच झोपावं लागतं. डावीकडे मान वळवली की वीज गेल्यासारखं होतं. हे सगळं त्याने फोनवर सांगितलं होतं आणि मी ते तुला क्रमवार लिहिलं होतं, म्हणजे त्याची काळजी कशी घ्यायची ते तुला कळावं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. माहीत असूनच मी पुढचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेलिक्स मागच्या पडवीत डाव्या हाताने आणि दातांनी जाळं सांधत बसला होता. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हटलं, एक वाचून दाखवायचं आहे. तो म्हणाला वाच. तुला लिहिलेलं नवं पत्र असेल असं त्याला वाटलं. मी सबंध वाचलं. तारखेपासून सहीपर्यंत.

त्याने जाळं मांडीवरून काढून खाली ठेवलं.

"तू म्हणाली होतीस, तो विसरला."

"हो."

"आईच्या अंगणात तो बोलला, तेव्हा?"

"तेव्हाही मला माहीत होतं."

तो उठला, टोपी घातली आणि त्याच्या चुलत भावाच्या समुद्राकाठच्या झोपडीत राहायला गेला. मी रोज जेवण पाठवलं. रोज डबा जसाच्या तसा परत आला, झाकणसुद्धा न उघडलेला. आपल्याकडे पाठवलेलं जेवण परत करणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. गल्लीत सगळ्यांनी तो डबा येता जाता पाहिला. पाहू दे म्हटलं.

आज सकाळी दारात उभा. बटणांचा शर्ट नव्हता, डोक्यातून घालायचा बनियन होता. म्हणाला, "गाडी काढ. त्यांची कचेरी चारला बंद होते."

 कचेरीत बाकावर तिघं बसले होते, त्यात तपासणीला मासा नेलेला तो मासेवालाही. चारगुआलाफने लिफाफा उलटापालटा करून पाहिला, शिक्का उजेडात धरला, आणि प्रथमच तिचा आवाज खाली आला. हे कोणी लिहिलं, तिने विचारलं.

"हिने," फेलिक्स म्हणाला. "हिलाच वाचू दे. मोठ्याने."

चारगुआलाफ म्हणाली, गरज नाही, मी वाचते. तो म्हणाला, मला गरज आहे.

मी उभी राहून वाचलं. शाळेत वाचायचे तसं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. त्या वाक्यापाशी थांबले. तो म्हणाला, "पुढे." मी ते वाचलं, पुढचं वाचलं, खालची सही वाचली आणि बसले. मासेवाला जमिनीकडे बघत होता. 

चारगुआलाफने नवा कागद घेतला. फेलिक्सचं स्वतःचं निवेदन जोडायला हवं म्हणाली. नाव, तारीख, सगळं लिहून झाल्यावर तिने विचारलं, "तुन फेलिक्स, दुखतं का?"

माझ्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. हा प्रश्न त्याला डॉक्टरांनी विचारला, मुलीने विचारला, मी विचारला. उत्तर दरवेळी एकच. आता तो हसेल, याची मी वाट पाहत होते.

तो हसला नाही. "हो," म्हणाला. "दुखतं. पहिल्या दिवसापासून दुखतं. रोज."

"किती?"

"रडू येतं इतकं."

तिने तसंच लिहिलं, एक शब्द न बदलता. म्हणाली, आता पारडं समान झालं, कदाचित थोडं झुकलंसुद्धा, आणि नव्या तपासणीला जाताना हातात काही धरायचं नाही, फाइलसुद्धा नाही.

गाडीत बसल्यावर त्याने तुझा फोन नंबर मागितला. मी दिला. काय बोलेल मला माहीत नाही, मला विचारूही नकोस. फोन आला की उचल.

चारगुआलाफने दिलेली पोच खाली उतरवून देते. तुझी दोन कागदपत्रं त्यात आहेत, तुझ्याकडे नोंद असावी.

"मालेसो, माजी सैनिक मदत टेबल. दिनांक २१ मे २०१९. अर्जदार फेलिक्स क्विनाता यांच्याकडून आज खालील कागद स्वीकारले.
मागील निकालपत्राची प्रत, पाने अकरा.
मान व उजव्या खांद्याचा तपासणी अहवाल, तुमोन, पाने चार.
साक्षीदार अद्रियानो ताइहेरोन, तत्कालीन मेडिक, यांचे सहीचे निवेदन, पान एक.
अर्जदाराचे स्वतःचे निवेदन, पाने दोन.
अर्जदाराच्या पत्नीचे पत्र, दिनांक १९ जानेवारी १९८४, पाने तीन, शिक्क्याच्या लिफाफ्यासह. लेखिकेने समक्ष वाचून आपलेच असल्याचे सांगितले.
सदर पत्राची प्रत काढून घेतली. मूळ पत्र व लिफाफा अर्जदाराच्या हाती परत दिला.
मिळाले: फेलिक्स क्विनाता. सही डाव्या हाताने."